मांजराला उपाशी ठेवून नवीन खाणं शिकवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत गेल्या आठवड्यात घरातल्या पाळीव प्राण्यांविषयी एक पान आलं होतं. त्यातल्या चौकटीत ठळक अक्षरात लिहिलं होतं, की मांजर नवीन खाणं तोंडाला लावत नसेल तर जुनं बंद करा, दोन-तीन दिवस काहीच देऊ नका, भूक लागली की आपोआप खाईल. हा सल्ला मांजराच्या जिवावर बेतू शकतो. त्याची दुरुस्ती छापावी ही विनंती, आणि तीसुद्धा त्याच पानावर, तशाच चौकटीत. चौकट वाचून ज्यांनी मांजराची वाटी उचलली असेल ते सगळेच वाचकांचा पत्रव्यवहार वाचत असतील असं नाही.

मी सक्करदऱ्याला आमच्या औषधाच्या दुकानात आयुष्य काढलं. आता दुकान मुलगा बघतो आणि मी त्रिमूर्ती नगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, दोन मांजरांबरोबर राहते. ठमी वयस्कर आहे, अंगानं भरलेली, आणि कोरडे दाणे सोडून दुसऱ्या कशाला खाणं मानत नाही. बंड्या तरुण, सडपातळ. त्याला ओलं हवं, पण त्यातला रस्सा चाटून तुकडे तसेच सोडायची त्याची रीत. दोघांचं खाणं बदलण्याची वेळ माझ्यावर आली आणि त्या निमित्तानं मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं, घरी करून पाहिलं, ते लिहिते.

आधी उपासाचं. आपण एकादशी करतो तेव्हा अंगावरची थोडी चरबी वापरली जाते आणि आपलं यकृत ती बिनबोभाट मार्गी लावतं. मांजराचं तसं नाही. त्याचं खाणं थांबलं की चरबी सुटून रक्तातून यकृताकडे जाते, पण तेवढ्या चरबीचा निपटारा त्या यकृताला झेपत नाही. ती यकृताच्या पेशींतच साठत जाते, यकृत सुजतं आणि काम करेनासं होतं. डॉक्टर याला हिपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तरी याची सुरुवात होऊ शकते. जाड मांजराला धोका सगळ्यात जास्त, कारण त्याच्या अंगावर सुटायला चरबीही जास्त. "चांगलं गुबगुबीत आहे, दोन दिवस नाही खाल्लं तर काय होते?" हे वाक्य मी किती तरी घरांत ऐकलं आहे. त्या गुबगुबीत मांजरालाच आधी होतं. मरगळ येते, उलट्या होतात, तोंडातून लाळ गळते, पुढे कानाच्या आतली कातडी, हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो. इथवर आलेल्या मांजराचा मुख्य उपचार म्हणजे अन्नच, आणि ते नळी घालून, कित्येक आठवडे द्यावं लागतं. लवकर लक्षात आलं तर बरीच मांजरं यातून वाचतात. पण मुळात ही पाळी नवीन पाकीट खपवण्यासाठी का आणावी?

दुसरंही एक कारण आहे. मांजर अस्सल मांसाहारी. ते प्रथिनं जाळून शक्ती मिळवतं आणि खाणं कमी झालं म्हणून त्या जाळण्याचा वेग त्याला फारसा उतरवता येत नाही. बाहेरून प्रथिनं आली नाहीत तर स्वतःचे स्नायू झिजतात. मोठ्या मांजरानं पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा, पिल्लू असेल तर तेवढंही थांबायचं नाही. माझ्या घरी हाच नियम आहे.

मांजरांचं खाणं विकणाऱ्या दुकानात मात्र तोच उपाशी ठेवण्याचा सल्ला मिळतो. ठमी-बंड्या जे कोरडं खाणं खात होते ते एके दिवशी बदललं. नाव तेच, पाकिटाचा रंग वेगळा, आणि आतला दाणा गोलाचा चपटा झालेला. ठमीनं वास घेतला, पंज्यानं एक दाणा बाहेर ओढला आणि निघून गेली. मी दुकानात सांगितलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काकू, टेन्शन नका घेऊ न. दोन दिवस उपाशी ठेवून पाहा, बरोबर खाते." पोरगा मनाचा चांगला आहे, रस्त्यावरच्या मांजरांना स्वतःच्या पैशानं खाऊ घालतो. त्यालाही कोणीतरी हेच सांगितलेलं. म्हणून तर तो सल्ला छापून आला तेव्हा मला राहवलं नाही.

नखरे करणारं मांजर आणि आजारी मांजर यांत फरक करणं हे पहिलं काम. गेल्या हिवाळ्यात बंड्या ताटलीपाशी यायचा, वाकायचा, आणि एकदम मागे सरकायचा. ज्याला खायचंच नाही ते मांजर ताटलीपाशी येत नाही. ज्याला खायचं आहे पण दुखतं ते येतं आणि परततं. मी त्याला उचलून नेलं. डॉक्टर मॅडमनी ओठ वर करून दाखवलं, एका दाढेभोवतीची हिरडी लालभडक होती. दाढ काढल्यावर तो पूर्वीसारखा खायला लागला. सर्दीनं नाक चोंदलेलं मांजरही खात नाही, कारण त्याची भूक नाकातून चालते. म्हाताऱ्या मांजराची किडनी कमजोर झाली की मळमळ होते, तेही खाणं टाकतं आणि पाणी मात्र जास्त पितं. तेव्हा ज्या मांजराला आजवर नखरे माहीत नव्हते ते अचानक नखरे करू लागलं, तर पाकीट बदलण्याआधी तोंड, नाक आणि वजन तपासून घ्यावं. सेमिनरी हिल्सला आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जनावरांचा दवाखाना आहे. गावात खासगी डॉक्टरही पुष्कळ झाले आहेत.

मांजराच्या वजनाचा वेगळा काटा घरात नसला तरी चालतं. माणसाच्या काट्यावर एकदा मांजर घेऊन उभं राहायचं, एकदा एकट्यानं, आणि वजाबाकी करायची. चार किलोच्या मांजराचं दोनशे ग्रॅम उतरलं म्हणजे अंगाचा विसावा हिस्सा गेला. साठ किलोच्या माणसाचे तीन किलो गेले तर घरचे घाबरतात, इथे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता नवीन खाणं निवडायचं कसं, ते. औषधाच्या दुकानात राहून मला एक सवय लागली, पाकिटाची पुढची बाजू शेवटी वाचायची. पुढे सॅल्मन उड्या मारत असतो. मागे बारीक अक्षरात खरं लिहिलेलं असतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं येतात, म्हणजे पहिल्या दोन-तीन जागी मका, गहू, तांदूळ असेल आणि मांस-मासळी खाली कुठेतरी, तर ते पाकीट मी परत ठेवते. मग पाहायचं, ते खाणं संपूर्ण आणि संतुलित म्हणून विकलं जातं की पूरक म्हणून. चाटायच्या क्रीमच्या ज्या नळ्या मिळतात त्यातल्या बहुतेक पूरक असतात. मांजरं त्यांच्यासाठी वेडी होतात आणि घरचे समजतात, हिला हेच आवडतं, हेच देऊ. त्यावर मांजर जगत नाही. दिवसभराच्या खाण्यातला दहावा हिस्सा असल्या खाऊचा, त्यापलीकडे नको.

प्रथिनांचा आकडा सरळ वाचला तर फसायला होतं. कोरड्या खाण्यावर ३२ टक्के लिहिलेलं असतं आणि ओल्या पाउचवर ९ टक्के. पाहणाऱ्याला वाटतं, पाउचमध्ये काहीच नाही. पण कोरड्यात पाणी साधारण १० टक्के, पाउचमध्ये ८२. पाणी वजा केल्यावर कोरड्यात ९० भागांत ३२ म्हणजे सुमारे ३६ टक्के, आणि पाउचमध्ये १८ भागांत ९ म्हणजे ५० टक्के. पाउचच वरचढ ठरतं. पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आफ्को (AAFCO) या संस्थेच्या मापाप्रमाणे मोठ्या मांजराच्या खाण्यात पाणी वगळून किमान २६ टक्के प्रथिनं हवीत, वाढत्या पिल्लांच्या आणि गाभण मांजरीच्या खाण्यात ३०. बऱ्याच पाकिटांवर हे नाव असतं, ते शोधावं.

आणि टॉरिन. हे एक अमिनो आम्ल आहे. आपलं शरीर ते तयार करू शकतं, मांजराचं शरीर पुरेसं तयार करू शकत नाही, त्याला ते मांस-मासळीतून मिळावं लागतं. ते कमी पडलं की मांजराच्या डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७५ साली प्रसिद्ध झालं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की टॉरिन कमी पडल्यानं मांजराचं हृदय फुगून कमजोर होतं, आणि टॉरिन दिलं तर ते सुधारतं. ती मांजरं काही उकिरड्यावरची नव्हती, विकतचं तयार खाणं खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. मी ही हकीगत सांगते तेव्हा लोक म्हणतात, मग कुत्र्याचं खाणं दिलं तर काय, स्वस्त पडतं. तेच तर देऊ नये. कुत्रा स्वतःच्या अंगात टॉरिन तयार करू शकतो, म्हणून त्याच्या खाण्यात ते मांजराच्या हिशेबानं घातलेलं नसतं.

आपल्याकडे मांजराला दूध-पोळी घालण्याची रीत आहे. माझ्या माहेरी, महालातल्या वाड्यात, मांजर दूध-पोळीवरच होतं असं सगळे म्हणायचे. पण ते दिवसभर कुठे असायचं? इतवारीच्या धान्याच्या गोदामांत. उंदीर, चिचुंद्री, पाल, चिमणी यांवर त्याचा खरा संसार चालत होता, घरी येऊन ते वाटीभर दूध पिऊन जायचं आणि आपण समजायचो, आपण ते पोसतोय. एका उंदरातून मांजराला साधारण तीस कॅलरी मिळतात, टॉरिन मिळतं, हाडांतून कॅल्शियम मिळतं. तिसऱ्या मजल्यावरच्या, दारं-खिडक्यांना जाळी लावलेल्या फ्लॅटमधल्या मांजराला यातलं काय मिळणार? त्याला दूध-पोळीच दिली तर ते फक्त दूध-पोळीवरच राहील. शिवाय मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. साखर घातलेलं दूध देऊन काही मिळत नाही, कारण मांजराला गोड चव कळतच नाही. गोड चव ओळखणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजराच्या वंशात निकामी झालेलं आहे, हे २००५ साली अमेरिकेतल्या मोनेल केंद्राच्या शास्त्रज्ञांनी शोधलं.

ज्या घरांत मांसाहार चालत नाही त्यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे. माझं सासर तसंच होतं. अशा घरी मांजर असेल तर तयार खाण्याचं बंद पाकीट ही मोठी सोय आहे. वेगळी ताटली, वेगळा चमचा, बाल्कनीतला एक कोपरा, आणि स्वयंपाकघराला हात लागत नाही. पण मांजरालाच शाकाहारी करू पाहणारे दोघं-तिघं मला गेल्या वर्षात भेटले. त्यांना मी हात जोडून सांगितलं, नका करू. गाजर-भोपळ्यातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व आपलं शरीर करतं, मांजराचं करत नाही. त्याला ते प्राण्याच्या अंगातून तयारच लागतं.

घरी शिजवून देणाऱ्यांसाठीही थोडं लिहिते. उकडलेलं चिकन मांजर आनंदानं खातं, आजारातून उठलेल्या मांजराला तर ते अमृत. पण नुसतं चिकन हे रोजचं पूर्ण खाणं नव्हे. त्यात कॅल्शियम फार कमी आणि फॉस्फरस जास्त, वाढत्या पिल्लाला तेवढ्यावरच ठेवलं तर हाडं ठिसूळ होऊन मोडतात. उकडल्यावर पाणी फेकू नये, टॉरिन त्यात उतरतं, तेच कोमट करून वर घालावं. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून आपल्या सावजी रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही. मंगळवारी बाजारातून रोहू-कतला आणणारे डोकी मांजरासाठी मागून आणतात. ती नीट शिजवावीत आणि काटे काढावेत. कार्प कुळातल्या कच्च्या माशांत थायमिनेज नावाचं द्रव्य असू शकतं, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं आणि मांजराला झटके येण्यापर्यंत वेळ जाते. शिजवल्यावर ते द्रव्य निकामी होतं. कलेजी आवडते म्हणून रोज देऊ नये, तिच्यातलं अ जीवनसत्त्व मांजराच्या अंगात साठत जातं आणि मान-पाठीची हाडं आखडतात.

आता नखरेवाल्या मांजराला नव्या खाण्याकडे वळवायचं कसं. साधारण सांगितलं जातं ते असं, की सात ते दहा दिवसांत पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. बहुतेक मांजरांना ते चालतं. ठमीसारखीला नाही चालत, तिला महिना लागला तरी लागू द्यावा. मी मिसळण्यापासून सुरुवातच केली नाही. जुन्या खाण्याचं साधं ताट तिच्यासमोर तसंच ठेवलं आणि शेजारी बशीत नव्याचे चार दाणे. तिनं ते खावेत असा आग्रह नाही, हुंगले तरी पुरे. मांजर लहानपणी ज्या आकाराचं, ज्या पोताचं खाणं ओळखतं त्यालाच खाणं मानतं. कोरड्या दाण्यांवर वाढलेल्या मांजराला पाउचमधला मऊ तुकडा म्हणजे खायची वस्तू आहे हे कळतच नाही, त्यात तिचा हट्ट नसतो. आधी ओळख व्हावी लागते. ठमी बशीपाशी बिनधास्त बसायला लागली, एखादा दाणा दाताखाली घेऊ लागली, त्यानंतर मी जुन्यात नवं मिसळायला घेतलं, तेही चिमटीनं.

इथे एक जपावं लागतं. घाईघाईनं फार मिसळलं तर मांजर जुन्या खाण्यावरच संशय घेतं आणि तेही टाकतं. म्हणून मिसळलेल्या ताटाबरोबर थोडं शुद्ध जुनं नेहमी बाजूला असू द्यावं. नव्या खाण्यात औषधाची गोळी कधीच लपवू नये. मांजर आजारी असताना, दवाखान्यातून आणल्या दिवशी, घरात रंगकाम किंवा पाहुणे असताना नवीन काही पुढे करू नये. त्या दिवशीच्या मळमळीचा आणि भीतीचा दोष ते त्या वासावर ठेवतं आणि पुढे तो वास आला तरी तोंड फिरवतं.

उपास नको म्हणजे दिवसभर वाटी भरून ठेवा असंही नाही. दोन जेवणांत चार-सहा तासांचं अंतर असलं तर भूक चांगली लागते, आणि त्या भुकेच्या वेळी नवं पुढे ठेवावं. अर्ध्या तासात शिवलं नाही तर उचलून जुनं द्यावं. दिवसाचं एकूण खाणं पोटात गेलंच पाहिजे. चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला दोनशेच्या आसपास कॅलरी लागतात. ८५ ग्रॅमच्या एका पाउचमध्ये साधारण साठ ते ऐंशी असतात, म्हणजे नुसत्या पाउचवर ठेवायचं तर दिवसाला तीन लागतील. मला ते परवडत नाही. दोघांनाही मी सकाळ-संध्याकाळ थोडं ओलं देते आणि बाकी कोरडं मोजून. ओलं का, तर मांजर मूळचं वाळवंटी मुलखातलं, त्याला तहान कमी लागते. कोरड्यावरच राहणारी मांजरं पाणी भरपूर पितात असं नाही, लघवी घट्ट होते, आणि बोक्यांची लघवीची वाट अरुंद असल्यानं ती तुंबते. बोका मातीच्या ट्रेमध्ये वारंवार बसतोय आणि काही होत नाही असं दिसलं तर रात्र असो की रविवार, ताबडतोब डॉक्टर गाठावा.

बंड्याच्या रस्सा चाटण्यावर उपाय सोपा निघाला, तुकडे काट्यानं पूर्ण कुस्करून रश्श्यात कालवते, आता ताटली लख्ख होते. वासाचं मात्र फार आहे. फ्रिजमधून काढलेलं गार खाणं मांजराला वासच देत नाही. वाटी कोमट पाण्यात ठेवून खाणं अंगाच्या उष्णतेइतकं, साधारण ३८ अंश होऊ द्यावं, बोट लावून पाहावं. ताटली लिंबाच्या वासाच्या साबणानं घासली असेल तर पाण्यानं खूप धुवावी, मांजरांना लिंबा-संत्र्याचा वास नको असतो. आपल्याकडे संत्र्यांचे दिवस आले की टोपली स्वयंपाकघरातच असते, त्या दिवसांत मी ताटली दुसऱ्या खोलीत हलवते.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा मांजरं कमीच खातात. त्या दिवसांत खाणं बदलायला घेतलं तर ती उन्हानं खात नाहीत की नव्या चवीनं, तेच कळत नाही. नवतपा जाऊ द्यावा, पाऊस पडू द्यावा. बदलावंच लागलं तर पहाटे उजाडताना आणि रात्री नऊनंतर, कूलरच्या खोलीत. ओलं खाणं त्या उन्हात तासाभरापेक्षा जास्त उघडं ठेवू नये, पाउचमधलं अर्धंच काढून बाकी झाकून फ्रिजमध्ये. कोरड्याचंही तसंच. त्यातली चरबी उष्णतेनं खवट होते, आपल्या नाकाला कळायच्या आधी मांजराच्या नाकाला कळते. गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यात ओतलेलं खाणं मांजर खात नाही, याचं कारण कधी कधी एवढंच असतं. मूळ पाकिटासकट बंद डब्यात, घरातल्या थंड जागी ठेवावं आणि महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच आणावं.

म्हणून दुकानदारांना माझं सांगणं आहे. मांजराला नवं खाणं पहिल्या दोन दिवसांत फार आवडतं आणि चौथ्या दिवशी ते ढुंकून बघत नाही, असं पुष्कळदा होतं. पहिल्या दिवशीचा उत्साह पाहून मोठं पाकीट गळ्यात मारू नका, लहान पाकिटं ठेवा. जुनं खाणं बंद होणार किंवा बदलणार असं तुम्हाला घाऊक व्यापाऱ्याकडून आधी कळत असेल, तर नेहमीच्या गिऱ्हाईकाला महिनाभर आधी सांगा, म्हणजे जुनं थोडं साठवून हळूहळू बदलता येईल. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कुत्र्या-मांजरांचं पाकीटबंद खाणं १८ टक्क्यांत गेलं, त्यामुळे पेन्शनवाली माणसं आणि शिकणारी पोरं सुटं खाणं मागतात, हे मला कळतं. सुटं विकायला माझा विरोध नाही. पण साध्या पिशवीत अर्धा किलो बांधून देता तेव्हा त्यावर खाण्याचं नाव, बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदतीची तारीख आणि पोतं कधी फोडलं ते लिहून चिठ्ठी स्टेपल करा. आमच्या दुकानात दहा गोळ्यांच्या पट्टीतून चार कापून देताना मुदतीची तारीख गिऱ्हाईकाकडे जाईल अशी आम्ही कापायचो. मांजर आजारी पडलं तर डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, काय खाल्लं आणि कधीचं होतं.

आपल्या पुरवणीलाही एक विनंती. पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच गावात आहे. तिथल्या जाणत्या मंडळींकडून मांजरांच्या खाण्यावर मराठीत लिहून घ्या, आणि अशा चौकटी छापण्याआधी त्यांच्या नजरेखालून जाऊ द्या. त्यातल्या कोणाला पत्राखाली माझी माहिती तपासून दुरुस्ती करायची असेल तर तीही अवश्य छापावी.

आपली,
एक वाचक, त्रिमूर्ती नगर, नागपूर